छोट्या खोलीसाठी लेन्स

४ मार्च

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. मागच्या वेळी मी ‘लेन्स’ म्हटलं आणि तू अर्धा तास माझ्या चष्म्याच्या नंबराची चौकशी करत बसलास.

तर आता नीट वाच. मी कॅमेरा घेतलाय. नवा नाही, वापरलेला. आमच्या हॉस्पिटलसमोरच्या गल्लीतला फोटो स्टुडिओ बंद झाला, मालक सामान काढत होता. त्यात हा मिळाला. काळा, जड, डिजिटल एसएलआर. उजव्या हाताच्या पकडीवरचं रबर सुटलं होतं ते मी चिकटवलं. बटणं सगळी चालतात. पण लेन्स नाही! पुढे नुसतं भोक आणि त्यावर प्लास्टिकचं झाकण. मालक म्हणाला, लेन्स आधीच विकल्या गेल्या. मेमरी कार्डही नाही. म्हणजे डोळा नाही आणि डोकंही नाही, असा कॅमेरा माझ्या कपाटात बसलाय.

नवरा म्हणतो, या वयात हे काय नवीन खूळ? मी म्हटलं, दादाला विचारते. उभा जन्म तू लोकांच्या लग्नांचे फोटो काढलेस, मग दुसऱ्या कोणाला विचारू? लेन्स कुठली घेऊ आणि कार्ड केवढं घेऊ, एवढंच सांग. पाल्हाळ नको.

वहिनीच्या गुडघ्याचं कळव. मी सांगितलेले व्यायाम ती करत नसणार, मला माहीत आहे.

तुझी,
भिंगरी


११ मार्च

प्रिय भिंगरी,

शेवटी भिंगरीनं भिंग हातात घ्यायचं ठरवलं म्हणायचं! स्टुडिओतल्या गोल स्टुलावर तू इतकी गरागरा फिरायचीस की गिऱ्हाइकाला चक्कर यायची. म्हणून तर हे नाव पडलं. आणि पाल्हाळ नको म्हणतेस? मग चुलत्याला विचार, तो दोन शब्दांत गप्प होतो.

आधी कॅमेरा तपास. झाकण काढून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यायचा असतो, पण तुझ्याकडे लेन्सच नाही, तेव्हा ते नंतर. शटर किती वेळा उडालंय ते कुठल्याही कॅमेरावाल्याकडून बघून घे. गाडीचे किलोमीटर बघतात तसं. स्टुडिओतला कॅमेरा म्हणजे टॅक्सी, भरपूर पळालेला असणार. पळालेला असला म्हणून वाईट नसतो.

आता लेन्स. काय काढणार आहेस ते तू लिहिलंच नाहीस. चपलेच्या दुकानात जाऊन पायाचं माप न सांगता ‘एक जोड द्या’ म्हणणारी बाई तू. पक्षी काढायचे असतील तर लांबची लेन्स. डोंगर काढायचे असतील तर रुंद. माणसं काढायची असतील तर मधली. दुकानदार तुला एक अशी दाखवेल की जवळचं, लांबचं, सगळं एकाच नळकांड्यात. भुलू नकोस. तिला उजेड फार लागतो आणि ती उन्हाबाहेर आंधळी होते.

कार्डाबद्दल मात्र डोळे मिटून माझं ऐक. एक मोठं घेऊ नकोस, दोन लहान घे. मोठं कार्ड गेलं की सगळं एकदम जातं. आणि नामांकित दुकानातून घे, पावतीसकट. फुटपाथवर मिळतात ती कार्डं म्हणजे वरून छापील आकडा आणि आत आनंदीआनंद.

वहिनी व्यायाम करते. म्हणजे मी विचारलं की ‘केले’ म्हणते.

तुझा,
दादा


१९ मार्च

प्रिय दादा,

शटर बघून घेतलं. टॅक्सी नाही, एसटी निघाली. पण कॅमेरावाला म्हणाला, अजून चालेल.

माप सांगते. फोटो घरात काढायचे आहेत, बाहेर नाही. खोली लहान. एक पलंग, एक खुर्ची, हात धुवायचं बेसिन आणि त्यातून उरलेल्या जागेत मी. खिडकी एकच, उत्तरेकडे. फ्लॅश मारायचा नाही. आवाज शक्यतो होऊ द्यायचा नाही. जे काढायचंय ते लहान आहे, वीतभर किंवा थोडं मोठं. जागचं हलत नाही. बारीकसारीक सगळं नीट दिसलं पाहिजे आणि तरी ते मऊ दिसलं पाहिजे. हे कसं सांगू? कडक नको.

आणखी विचारू नकोस. नक्की झालं की सांगेन.

भिंगरी


२७ मार्च

प्रिय भिंगरी,

ओळखलं! तू न सांगता ओळखलं. वहिनीला पत्र वाचून दाखवलं तर तीही हसली. तू ती लोकरीची टोपडी आणि मोजे विणतेस ना, ते इंटरनेटवर विकणार आहेस. वीतभर, जागचं हलत नाही, मऊ दिसलं पाहिजे! नोकरी सांभाळून जोडधंदा, म्हणून चोरून चाललंय. चालू दे. पहिलं गिऱ्हाईक मी. मला कानटोपी पाठव, त्या निमित्तानं कमी ऐकू येण्याला सबब मिळेल.

तर बाईसाहेब, तुम्ही पन्नास मिलिमीटरची लेन्स घ्या, एक पूर्णांक आठवाली. हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उजेड आत घेते. तुझ्या उत्तरेच्या खिडकीला फ्लॅशची गरज पडणार नाही. जुनी मिळते, सगळ्यांकडे असते. घेताना टॉर्च घेऊन जा. मागून प्रकाश टाकून आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. ती लेन्स दुकानदाराला साभार परत. धुळीचे दोन कण चालतील. आणखी एक, तुझ्या कॅमेऱ्याच्या पोटात फोकसची मोटर नसेल, तर ती लेन्समध्ये असावी लागते. तिथेही नसली तर हातानं कडं फिरवून फोकस करावा लागेल. तरी तुझं काही बिघडत नाही. तुझ्या वस्तू कुठे पळून जाणार आहेत?

कॅमेऱ्यात आवाज कमी करायचं एक चिन्ह असतं, ते लाव. मोज्यांची झोपमोड होऊ नये म्हणून का?

दादा


२० एप्रिल

प्रिय दादा,

पन्नासची घेतली. टॉर्च घेऊन गेले होते. दुकानदार म्हणाला, बाई, तुम्ही डॉक्टर का? मी म्हटलं, नर्स.

परवानगी मागच्या आठवड्यात हातात आली, म्हणून आता सांगते. तू आणि वहिनी हसलात ते बरंच झालं, मलाही त्या दिवशी हसू आलं. पण ती टोपडी मी विकत नाही. ती वॉर्डातच लागतात.

आमच्या प्रसूती विभागात सगळी मुलं रडत येत नाहीत. काही येतात तीच शांत येतात. आधी आम्ही काय करायचो, तर पटकन गुंडाळून बाजूला न्यायचो. आईनं बघू नये, असं सगळ्यांना वाटायचं. गेल्या हिवाळ्यात एक बाई सहा महिन्यांनी परत आली. तपासायला नाही, मला शोधत. म्हणाली, “सिस्टर, तुम्ही त्याला उचललं होतं ना? मला त्याचा चेहरा आठवत नाही. मी एकदाच बघितलं, आणि डोळ्यांत पाणी होतं.” मी सांगायला गेले, तर मलाही नीट आठवेना. दादा, इतकी मुलं या हातांतून गेली. मी काहीतरी बोलले, गोरा होता, छान होता. तिला कळलं की मी बनवून सांगतेय. तरी ती ‘थँक यू’ म्हणाली.

त्यानंतर मी मेट्रनबाईंच्या मागे लागले. आता वॉर्डाच्या टोकाची एक खोली आम्हाला दिलीय. आईबापांना हवं असेल तर ते तिथे बाळाजवळ बसतात, आणि त्यांची हरकत नसेल तर मी फोटो काढते. फोटो त्यांचे, कॅमेरा माझा. कोणालाही दाखवत नाही.

दोनदा काढले. पहिल्या वेळी सगळे हलले. दुसऱ्या वेळी बरे आले. पण पन्नासनं खोलीत मागे सरकायला जागा पुरत नाही. बेसिन पाठीला टोचतं, तरी आई आणि बाळ दोघं एका चौकटीत येत नाहीत. आणि पावलांजवळ गेलं तर फोकसच होत नाही. काय करू? रंगांचंही सांग. कातडी लालसर, काळपट असते, फोटोत ते फार दिसतं. मला लपवायचं नाही, पण आईला पहिल्यांदा तेच दिसू नये.

भिंगरी


९ मे

भिंगरी,

पत्र मिळालं.

खोली लहान असेल तर पस्तीसची लेन्स घे, तीही एक पूर्णांक आठवाली. तिच्यात दोघं मावतील, आणि ती पन्नासपेक्षा जवळून फोकस करते. पलंग खिडकीला आडवा लावून घे, उजेड एका बाजूनं येऊ दे. वरचा दिवा बंद ठेव. फोटो कृष्णधवल कर, म्हणजे कातडीचा रंग आड येणार नाही.

दादा


२ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं. एक विनोद नाही, वहिनीचं नाव नाही. तुला राग आला असेल, की आधी खरं सांगितलं नाही. नाहीतर असल्या गोष्टी घरी पत्रातून कशाला आणायच्या, असं वाटलं असेल. वाटलं असेल तर तसं लिही, मी नाही आणणार. पण आज मात्र मला तुझी गरज आहे. बाकीचं नंतर भांडू.

पस्तीसची लेन्स घेतली, ती अगदी बरोबर निघाली. चूक कार्डाची झाली. तू सांगितल्याप्रमाणे मी आधी लहान कार्डच घेतलं होतं, एकच. ते ड्यूटीच्या धांदलीत वाकलं. त्या दिवशी एक जोडपं आलं होतं आणि वेळ नव्हता. वॉर्डबॉयला खाली पाठवलं. त्यानं फाटकाबाहेरच्या टपरीवरून मोठं कार्ड आणलं. कॅमेऱ्यात चाललं. मी पोटभर फोटो काढले, तासभर. मुलगा होता. संध्याकाळी कॉम्प्युटरला लावलं तर ‘कार्ड फॉरमॅट करा’ असं येतं. कॅमेऱ्यात फोटो दिसत नाहीत. मी कुठलंही बटण दाबलं नाही. कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं, तो म्हणाला, ठेवून जा, बघतो. त्याच्या काउंटरवर चार पोरं चहा पीत उभी होती. माझ्यानं ठेववेना.

बाप बस चालवतो, आई रेडिमेड कपड्यांच्या दुकानात काजं-बटणं करते. त्यांना फोन करून खरं ते सांगितलं, आणि तुझ्याकडे पाठवू का, ते विचारलं. मग तो म्हणाला, “तुमच्या भावाकडे पाठवा. आमचं काही म्हणणं नाही. पण परत आणा.”

लग्नांची कार्डं तू किती वेळा वाचवलीस, ते मला माहीत आहे. कुरियरनं पाठवतेय.

भिंगरी


१४ जून

प्रिय भिंगरी,

रागावलो नव्हतो. ते तू डोक्यातून काढून टाक.

कार्ड पोचलं. काही दाबलं नाहीस हे फार चांगलं केलंस, त्यामुळेच काम झालं. कार्ड बनावट आहे. वर छापलेल्या आकड्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा जागा आत आहे. ती जागा भरली की पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं, आणि कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. त्यामुळे तू तासभर काढलेल्यांपैकी सुरुवातीचेच हाती लागले. बारा पूर्ण आहेत. तेराव्याचा खालचा अर्धा भाग राखाडी झालाय. तो मी टाकला नाही, कारण वरच्या अर्ध्यात बाळाची मूठ आहे आणि मुठीत बापाचं बोट. ठेवायचा की नाही, ते त्यांना ठरवू दे.

सगळे पेनड्राइव्हवर घातलेत, आणि मॅट कागदावर एकेक प्रत काढून पाठवतोय. चकचकीत कागदावर बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. माझ्या कॉम्प्युटरवरून सगळं पुसलं. फोटो चांगले आहेत, भिंगरी. तिसऱ्यात तू कानाच्या पाळीवर फोकस केलायस, तिथे बारीक लव दिसते. इतकी वर्षं हे काम केलेल्या माणसानंही कदाचित चेहऱ्यावर केला असता.

पाकिटात दोन कार्डं आहेत, दोन्ही लहान, दोन्ही मी तपासून बघितली आहेत. प्रत्येक वेळी अर्धे फोटो एकावर, अर्धे दुसऱ्यावर. पुन्हा टपरीचं नाव काढशील तर मी येऊन कान उपटेन.

तुझ्या वहिनीनंही बघितले. ती वेगळं लिहिणार आहे म्हणते.

दादा


२३ जून

प्रिय दादा,

ते दोघं काल येऊन गेले.

मी त्याच खोलीत बसवलं. पाकीट हातात दिलं आणि बाहेर जायला निघाले, तर ती म्हणाली, “सिस्टर, बसा ना.” मग बसले. तिनं एकेक फोटो मांडीवर ठेवला, ओळीनं. मला वाटलं, आता ही कोसळेल. तर ती एकदम म्हणाली, “नाक माझं आहे.”

तो म्हणाला, “तुझं? नीट बघ. हे आमच्या बाबांचं नाक आहे.”

“तुमच्या बाबांचं बसकं आहे.”

“बसकं नाही, रुंद आहे.”

दादा, ते भांडले! मुलाच्या नाकावरून खरोखर भांडले, आणि भांडता भांडता ती हसली. मग दोघंही रडले. पण ते रडणं वेगळं होतं. आमच्या वॉर्डात मी दोन्ही प्रकारचं ऐकलंय, मला कळतं. तेरावा फोटो त्यानं शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. राखाडी भागाबद्दल त्यानं विचारलंसुद्धा नाही. जाताना म्हणाला, भावाला सांगा. नमस्कार सांगा का आभार सांगा, ते त्याला बोलता आलं नाही. नुसतं ‘भावाला सांगा’ म्हणाला. म्हणून सांगितलं.

आता तुला विचारते. मे महिन्यातलं तुझं ते पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तुझं अक्षर त्यात वाकडं आहे. वहिनीनं फोटो बघितले, ती वेगळं लिहिणार, हे काय? मी शाळेत असताना तुमच्याकडे सुट्टीला यायचं अचानक रद्द झालं होतं, आणि आई दाराआड काकूशी बोलत होती. ते काय होतं, मला कधी कोणी सांगितलं नाही. मला जे वाटतंय ते खरं असेल, तर मी ते कार्ड तुझ्याकडे पाठवायला नको होतं का?

भिंगरी


१ जुलै

प्रिय भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे. तू दादाला विचारलंस त्याचं उत्तर मी देते, कारण ते त्यांच्यानं लिहवत नाही. दोनदा बसले आणि उठले.

तुला वाटतंय ते खरं आहे. आम्हाला मुलगी झाली होती. पूर्ण दिवसांची. जन्मली तीच गेलेली. मला गुंगीचं औषध दिलं होतं, जाग आली तोवर सगळं आटोपलं होतं. मोठी माणसं म्हणाली, बघितलं नाहीस ते बरं झालं, लवकर विसरशील. पुन्हा आम्हाला मूल झालं नाही. ह्यांनी तिला बघितलं होतं. ह्यांच्या हातात दिली होती. मी कधी विचारलं नाही, म्हटलं ह्यांना त्रास होईल. ह्यांनी कधी सांगितलं नाही, मला त्रास होईल म्हणून. एकमेकांना जपण्यात इतकी वर्षं निघून गेली, बघ.

तुझी पत्रं हे मला वाचून दाखवायचे. एप्रिलचं नाही दाखवलं. घडी घालून खिशात ठेवलं, आणि पुढे कितीतरी दिवस बाल्कनीत नुसते बसायचे. मला वाटलं, कानाचं आणखी बिघडलं की काय. तुझं कार्ड आलं तेव्हा मात्र लगेच कामाला लागले. दुपारची वेळ होती. मी चहा घेऊन गेले, तर पडद्यावर एक पाऊल होतं. एवढंसं. ह्यांनी पटकन हात आडवा धरला.

मी म्हटलं, “असू द्या. बघू द्या मला.”

हे म्हणाले, “भिंगरीच्या वॉर्डातलं आहे.”

“कळलं मला.”

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. एकेक फोटो वर यायला वेळ लागत होता. आम्ही दोघं वाट बघत बसलो होतो, जशी लोकं दवाखान्याबाहेर बसतात. बाळाचं डोकं आलं, तू विणलेलं टोपडं होतं. पुढच्यात टोपडं काढलेलं होतं. दाट केस होते त्याला. माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नाही विचारलं.

“आपल्या मुलीला केस होते का हो?”

ह्यांनी माउसवरचा हात काढला. मला वाटलं, विचारायला नको होतं. मग म्हणाले, “होते. ओले होते. कपाळाला चिकटलेले. मी बोटानं बाजूला केले.”

मी चहाचा कप बाजूला ठेवला.

“हनुवटी तुझी होती,” म्हणाले. “मधे खळगी. मला वाटलं, झोपलीय आणि तुझ्यासारखीच कशावरून तरी रुसलीय.”

तू विचारतेस, कार्ड पाठवायला नको होतं का. अगं, आमच्या घरात त्या मुलीबद्दल कोणी पहिल्यांदा बोललं ते त्या दुपारी. हे सांगत होते. बोटं कशी होती ते सांगितलं, नखं वाढलेली होती म्हणाले. उजव्या खांद्यावर तीळ होता. तिला कशात गुंडाळलं होतं, त्या कापडाला निळी किनार होती. मला यातलं काही माहीत नव्हतं, भिंगरी. मी तिला नऊ महिने बाळगली आणि मला तिचा तीळ माहीत नव्हता. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला ती दिसत होती.

मधेच थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला म्हणाले, “अजून सांगू?”

मी म्हटलं, “सगळं सांगा.”

तुझी,
वहिनी